सन्हेरीबाने जे लिहिलं नाही

पास्कलभाऊ,

तुम्हाला जाऊन महिना उलटला. एवढ्यात तुमचे इतके गुण माझ्या कानावर आलेत की आपली नव्याने ओळख करून घ्यावी लागणार. तुम्ही म्हणे अतिशय शांत होता. तुम्ही आयुष्यात कोणाचं मन दुखावलं नाही. तुमच्या तोंडून वाकडा शब्द म्हणून कधी निघाला नाही. हे शेवटचं मला आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी सांगितलं. त्यांचं डोकं एकदा मायक्रोस्कोपखाली धरून बघायला हवं, असं तुम्ही त्यांना भर मीटिंगमध्ये सुनावलं होतं. मी मान डोलावली. दुःखाच्या घरी माणूस दुसरं काय करणार?

जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात पत्नी आणि एक कन्या, हे सगळं चर्चच्या पत्रकात छापून आलं आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मी लिहायला बसले, कारण तसं तुम्हीच सांगून ठेवलं होतं. आमच्या अदलिया भागातल्या घरी, माझाच चिवडा खात, माझ्याच लिखाणावर तोंडसुख घेऊन झाल्यावर तुम्ही म्हणाला होता, "बाई, मी मेल्यावर तुम्ही लिहा. चांगलं म्हणणारे पुष्कळ येतील, त्यांचा रिपोर्ट मी आत्ताच लिहून देतो. तुमचं माझ्याशी कधी पटलं नाही. तेव्हा तुम्ही जे कबूल कराल, ते लोक खरं मानतील." मी म्हटलं, आधी बशीतलं संपवा.

आपलं भांडण जुनं, सत्तरच्या दशकातलं. श्रीकांतना इथल्या बँकेत नोकरी लागली म्हणून मी बहारीनला आले. पुण्याची इतिहासाची एम.ए.; इथल्या भारतीय मुलांच्या शाळेत शिकवू लागले आणि साऱ्या मराठी मंडळींची 'बाई' झाले. तुम्ही वसईचे, हॉस्पिटलच्या लॅबोरेटरीचे मुख्य, आणि चर्चमधली मिस्सा-प्रार्थना झाली की तिथल्याच आवारात मुलांना बायबल शिकवणारे. इथे सुटी शुक्रवारची, त्यामुळे तुमचा रविवारही शुक्रवारीच उजाडायचा. अशाच एका शुक्रवारी, ओळखदेख नसताना, तुम्ही आमच्या दारात येऊन उभे राहिलात.

"तुम्ही इतिहासवाल्या ना? मला एक सांगा. एका राजाबद्दल त्याच्या घरचे एक लिहितात, त्याचा शत्रू दुसरं लिहितो. कोणाचं धरायचं?"

मी पुण्याची असूनही आधी पाणी विचारलं. मग सांगितलं की आमच्याकडे बखरी आहेत. बखरकार घरचा माणूस, तो चार गोष्टी चढवून लिहितो, तेवढ्या वजा करायच्या.

"किती वजा करायचं ते कोण ठरवणार?"

"समोरच्याचे कागद. मोगलांचे, इंग्रजांच्या वखारीतले."

"म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूच्या निघालात," असं म्हणून तुम्ही खुर्ची ओढून बसलात. त्यानंतर दहाएक वर्षांत आपण एका बाजूला कधी आलो असू तर मला आठवत नाही.

तो राजा होता हिज्कीया, यरुशलेमचा. तुमच्या बायबलात त्याची गोष्ट अशी, की अश्शूरचा राजा सन्हेरीब प्रचंड सैन्य घेऊन चालून आला, हिज्कीयाने देवाचा धावा केला, आणि देवाच्या दूताने रातोरात शत्रूची छावणी कापून काढली. सन्हेरीब हात हलवत घरी गेला. आता सन्हेरीबाचं दप्तर काय म्हणतं? ते मातीच्या भाजलेल्या सहापैलू खांबावर कोरून ठेवलेलं आहे, आणि त्यात बढाईला तोटा नाही. हिज्कीयाची शेहेचाळीस तटबंदीची नगरं घेतली, त्याला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमात कोंडलं, एवढी खंडणी वसूल केली. खंडणी दिल्याचं बायबलही लपवत नाही. सोन्याचा आकडा दोन्हीकडे तंतोतंत एक, चांदीचा मात्र वेगळा.

त्या चांदीवर तुम्ही इतके खूश का, हे मला आधी कळेना. मग तुम्ही तुमच्या लॅबची पद्धत सांगितलीत. अवघड स्लाइड असली की ती दोघांनी बघायची, आणि दुसऱ्याला पहिल्याचं मत कळू द्यायचं नाही. दुसरा माणूसही तुम्ही मुद्दाम असा निवडायचा की ज्याचं तुमच्याशी वाकडं आहे. ते इजिप्शियन डॉक्टर महिनेन् महिने तुमच्याशी बोलत नसत. स्लाइड मात्र त्यांच्याकडेच जायची. "दोन रिपोर्ट हुबेहूब आले की मला संशय येतो, एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलंय. सोनं जुळलं, चांदी नाही जुळली, म्हणजे दोघांनी आपापलं लिहिलं. हिज्कीया होता, बाई. वेढा पडला होता. हे आता त्याचा शत्रू सांगतोय."

"आणि देवदूत?"

"देवदूत शत्रूच्या दप्तरात कसा असेल? पण तुम्ही एक बघा. एवढ्या फुशारक्या मारल्या आहेत, त्यात 'यरुशलेम घेतलं' एवढं मात्र नाही. त्याने लाखीश नावाचं दुसरं नगर घेतलं, तर त्या लढाईच्या चित्रांनी राजवाड्याच्या भिंती भरून टाकल्या. राजधानी हाती लागली असती तर गप्प बसला असता?"

मी म्हटलं, न लिहिलेल्याचा अर्थ ज्याला हवा तसा लावता येतो, तो पुरावा नव्हे. तुम्ही म्हणालात, बढाईखोर माणूस गप्प बसतो तिथे नीट बघायचं असतं. ह्या मुद्द्यावर आपण दोन उन्हाळे भांडलो. माझं मत अजून तेच आहे.

तुमच्या शुक्रवारच्या मुलांना तुम्ही हे सगळं सांगायचा, आणि त्यांच्या आईबापांना ते फारसं रुचायचं नाही. पोरांना बायबल शिकवायला पाठवलं तर हे अश्शूरी काय घेऊन बसलेत, असं ते म्हणत. मुलांना मात्र मजा वाटे. अम्रीची गोष्ट तर त्यांना तोंडपाठ होती. अम्री हा उत्तरेकडच्या इस्राएलचा राजा. बायबलाने त्याला दुष्ट ठरवून चार-सहा ओळींत निकालात काढलं, पण अश्शूरचे लेखनिक पुढे कितीतरी काळ त्या राज्याला अम्रीचं घराणं म्हणत राहिले. येहू नावाच्या सेनापतीने त्या घराण्याचा नायनाट करून गादी घेतली, तर त्यांच्या दगडावर तोच येहू गुडघे टेकून बसलेला आहे आणि वर नाव काय, तर अम्रीचा पुत्र! हे सांगताना तुम्ही मोठ्याने हसायचा. तुमच्या हसण्याचं कारण मला रेजिनावहिनींनी पुढे सांगितलं. वसईच्या वाडीवरून वडिलांशी आणि भावांशी भांडून तुम्ही घर सोडलं होतं. इथल्या कागदपत्रांवर मात्र तुमच्या नावापुढे वडिलांचं नाव लागलं आणि तेच चिकटलं. सगळं हॉस्पिटल तुम्हाला 'मिस्टर इनास' म्हणायचं, आणि तुम्हीही ओ द्यायचा.

मग ते नाटक. मंडळाच्या गणेशोत्सवात तुमच्या मुलांनी हिज्कीयावर नाटक करावं, ही कल्पना माझी. संहिताही माझी. श्रीकांत हिज्कीया झाले. सन्हेरीब दुसऱ्या कोणाला द्यायला तुम्ही तयार नव्हता; बाब अल बहरीनच्या बाजारातून काळी लोकर आणून तुम्ही स्वतः दाढी विणून घेतलीत. कपड्यांकडे कोणी लक्ष दिलं नाही, कारण मंडळाची एक ट्रंक होतीच. त्या ट्रंकेत ऐतिहासिक मराठी नाटकांच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं, हे प्रयोगाच्या दिवशी उघडल्यावर कळलं. यरुशलेमच्या राजाने डोक्याला मंदील बांधला, त्यावर तुरा खोचला आणि अंगरख्यावर शेला घेतला. तुमच्या वाट्याला मोगल सरदाराचा जामा आला.

पुढे काय होणार हे पुण्यात वाढलेल्या मला तरी कळायला हवं होतं, पण मी विंगेत पोरांच्या हातांत भाले देत होते. पडदा वर गेला, तुरेवाला राजा दिसला आणि हॉलने 'हर हर महादेव' ठोकला. तुमच्या चर्चचे फादर केरळचे, ते पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. त्यांना ही प्रार्थनाच वाटली असावी. तिथून पुढे लोक यरुशलेम विसरले. तुम्ही स्टेजवर आलात की हुर्यो, श्रीकांत आले की टाळ्या.

शेवटच्या प्रवेशात मी सन्हेरीबाला हिज्कीयापुढे गुडघे टेकायला लावलं होतं. तालमीत ह्यावर तुम्ही आकाशपाताळ एक केलं, आणि शेवटी नुसती मान लववायची असं ठरलं. प्रयोगात लोक ओरडायला लागले, "गुडघे टेक! गुडघे टेक!" तुम्ही मानही लववली नाहीत. दाढी खाली ओढलीत आणि थेट लोकांशी बोलायला लागलात.

"मंडळी, मी शरण गेलेलो नाही. मी परत गेलो. का परत गेलो, ते माझ्या दप्तरात नाही, ह्यांच्या पोथीत आहे. दोन्ही वाचा. पण मी गुडघे टेकले, असं कुठेच नाही!"

मागून कोणीतरी ओरडलं, "यल्ला, खलास करा!" तुम्ही खलास करेनात. भालेवाली पोरं ह्या पायावरून त्या पायावर होत होती. लाखीशच्या भिंती सुरू झाल्या तेव्हा श्रीकांतनी, तुऱ्यासकट, स्वतः जाऊन पडदा ओढला.

विंगेत तुम्ही मला म्हणालात, "हिज्कीयाला खोट्या विजयाची गरज नाही, बाई. जेवढं झालं तेवढं त्याला पुष्कळ आहे." मी म्हटलं, हे नाटक आहे, लॅबचा रिपोर्ट नव्हे, लोकांनी टाळ्या वाजवल्या तर तुमचं काय गेलं? तुम्ही म्हणालात, "माझा राजा गेला." आणि निघून गेलात. नाटकात एवढं चालतं, असं माझं आजही मत आहे. तुम्ही असता तर आत्ताही उठून गेला असता.

त्यानंतर तुम्ही आमच्याकडे यायचं बंद केलंत. लोकरीची दाढी मंडळाच्या ड्रायव्हरबरोबर परत पाठवलीत, ती अजून आमच्या कपाटात आहे. मीही बोलावलं नाही. हिवाळा आला, सखीरच्या वाळवंटात सगळ्यांच्या सहली झाल्या, तिथे तुम्ही एका शेकोटीशी आणि आम्ही दुसऱ्या.

तुम्हाला परत आणलं ते ह्या बेटाच्या राजाने. लायब्ररीत मला वाचायला मिळालं की सन्हेरीबाचा बाप सर्गोन ह्याने आपल्या शिलालेखांत बहारीनच्या राजाचा उल्लेख केला आहे. तेव्हा ह्या मुलखाला दिल्मुन म्हणत. राजाचं नाव उपेरी, तो समुद्राच्या मधोमध माशासारखा राहतो, आणि आमचा दरारा ऐकून त्याने भेटी पाठवल्या, असं सर्गोन म्हणतो. हे मी कोणाला सांगणार? श्रीकांत 'हो का' म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. मी तुमच्या लॅबमध्ये फोन केला आणि नमस्कार-चमत्कार न करता सांगून टाकलं. तुम्हीही तसलं काही केलं नाहीत. फक्त म्हणालात, "बापाला मासा दिसला, पोराला पाखरू. शुक्रवारी गाडी घेऊन येतो."

आपण आली गावच्या प्राचीन थडग्यांच्या टेकाडांकडे गेलो, वहिनी, श्रीकांत, तुमची ग्लोरिया, सगळेच. ग्लोरिया तेव्हा शाळेत होती आणि गाडीतून उतरायला तयार नव्हती. टेकाडांची रांग नजर पोचेल तिथवर होती, आणि त्यात कोण झोपलंय ते कोणालाच माहीत नाही. तुम्ही म्हणालात की सर्गोनचं नाव बायबलात एकदाच येतं. त्याचा राजवाडा उकरून निघेपर्यंत तो कोण हे जगाला ठाऊक नव्हतं. त्याने आपल्या दगडात उपेरीला ठेवलं, आणि त्याला स्वतःला ठेवलं यहुद्यांच्या एका ओळीने. मी म्हटलं, म्हणजे सगळे एकमेकांच्या दप्तरात. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, आणि हे इतकं दुर्मीळ होतं की मला ते लक्षात आहे.

परतताना तुम्ही मला यहोयाखीन सांगितलात. हिज्कीयाच्या वंशातला हा राजा, कोवळ्या वयात गादीवर आला आणि तीनच महिन्यांत कैद होऊन बाबेलला गेला. त्याचा एकही पराक्रम कोणी लिहिलेला नाही. पण बाबेलच्या राजवाड्यात कोठारातल्या मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांवर यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमच्या, राजाला आणि त्याच्या मुलांना इतकं तेल दिल्याची नोंद आहे. "हा आपला राजा, बाई," तुम्ही म्हणालात. "परक्या मुलखात शिधा खातोय, पोरं वाढवतोय. कारकुनाला त्याचं प्रेम नव्हतं, त्याने फक्त खरं लिहिलं. त्यामुळे हा राजा उरला." मागच्या सीटवरून ग्लोरिया म्हणाली, "डॅडी, कॅन वी गो होम नाऊ?" तुम्ही तिच्यावर ओरडलात.

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. तुमच्याच हॉस्पिटलमध्ये, छातीत कळ येऊन, अर्ध्या तासात सगळं आटोपलं. तुम्हाला इथेच पुरलं. वसईहून कोणाला येता आलं नाही, व्हिसाच्या भानगडीत वेळ गेला. म्हणून ठरलं की महिन्याच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये ग्लोरिया चार शब्द बोलेल आणि त्याची कॅसेट वसईला पाठवायची. कोणीतरी तिला भाषण लिहूनही दिलं. ती म्हणाली, मी हे बोलणार नाही.

वहिनींनी मला बोलावून घेतलं. तुमच्या खुर्चीत कोणी बसलेलं नव्हतं. ग्लोरियाने तो कागद माझ्या हातात दिला. शांत, क्षमाशील, सदा हसतमुख.

"आंटी, दिस इज समवन एल्स. नॉट माय डॅडी. इफ आय रीड दिस, आय विल फर्गेट हिम."

"बाई, तुम्ही समजवा हिला," वहिनी म्हणाल्या. "कॅसेट त्याच्या भावांच्या हाती जाणार. ज्यांनी इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं नाही, त्यांना काय ऐकवू? तो चिडका होता? चार लोकांत बापाची लाज काढायची?"

मी समजवायला गेले होते आणि मला कळेना कोणाला समजवायचं. वहिनींचं खोटं नव्हतं. कॅसेट एकच जाणार होती, आणि त्या घरात तुमच्याबद्दल पुढे तेवढंच राहणार होतं. मी त्या दोघींना विंगेतलं आपलं बोलणं सांगितलं, जसं झालं तसं, माझ्या उत्तरासकट. हिज्कीयाला खोट्या विजयाची गरज नाही. वहिनी भिंतीकडे बघत राहिल्या. "असं बोलला होता?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्या उठून आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या, खूप आवाज करत.

शुक्रवारी हॉल भरला होता. तुमचे इजिप्शियन डॉक्टर आले होते, टाय लावून. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, कोणीतरी बटण दाबलं. ग्लोरिया उभी राहिली. हातात कागद नव्हता. आणि ती मराठीत बोलली, पास्कलभाऊ. जी मुलगी आपल्याला आजवर मराठीत उत्तर देत नव्हती, ती.

"माझे डॅडी शांत नव्हते. ते ओरडायचे. माझ्यावर, मम्मीवर, टीव्हीवर. सन्हेरीबवर." हॉलमध्ये कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. "ते कधी सॉरी नाही बोलले. कधीच नाही. पण ज्या दिवशी माझ्यावर ओरडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझे शूज पॉलिश केलेले असायचे. दाराजवळ ठेवलेले. मी पण काही नाही बोलायची. घालून जायची." तिला पुढचा शब्द सापडेना. टेप फिरत होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, बसल्या जागेवरून, वहिनींचा आवाज आला. मोठा, कॅसेटवर नीट यावा इतका.

"माझ्या चपलासुद्धा."

मग लोक हसले, आणि ग्लोरियाही हसली, आणि हसता हसता तिचं बोलणं तिथेच संपलं. मला हे चपलाबुटांचं काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं भांडून मला ते कळलं नाही, आणि आता विचारायला तुम्ही नाही, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा नीट समजलं. मी रडले. महिनाभर रडले नव्हते ते सगळं रडले, चांगलं आवाज करून, शेवटच्या रांगेत.

शेजारी तुमच्या हॉस्पिटलची एक मल्याळी नर्स बसली होती. तिने रुमाल दिला आणि हळूच विचारलं, "आप के कौन थे?"

मी नाक पुसलं आणि सांगितलं, "हमारा झगडा चल रहा था."